पाण्याची पाळी

आखातातल्या भारतीय शाळेत शिकवणाऱ्यांना वर्षात दोन सुट्ट्या मिळतात आणि त्यांतली मोठी सुट्टी आपली नसते. जून-जुलैत इथली भारतीय कुटुंबं गावी जातात, तशी आम्हीही जातो. तिथे लग्नं असतात, बँकेची कामं असतात, दातांचा डॉक्टर असतो, कुणाकुणाकडे भेटायला जायचं राहून गेलेलं असतं. डिसेंबरची सुट्टी लहान, पण ती खरी आमची. तेव्हा विमानाची तिकिटं परवडत नाहीत म्हणून बहुतेक जण इथेच राहतात. हवा गार झालेली असते. उन्हाळ्यात सकाळी आठलाच भाजून काढणारा हा देश या दिवसांत पायी फिरण्याजोगा होतो. ओमान बघायचा तो डिसेंबरात.

मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. भूगोलाच्या शिक्षकाने सुट्टीत घरी बसू नये, असं माझं ठाम मत आहे. स्वतः पाहिलेल्या डोंगराबद्दल बोलताना शिक्षकाचा आवाज वेगळा लागतो आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही तो फरक कळतो. दहावीला जलसंपत्तीचा धडा आहे. त्यात राजस्थानातली टाकी आहेत, हिमालयातल्या कुल म्हणजे पाण्याच्या चाऱ्या आहेत, मेघालयातलं बांबूच्या नळ्यांचं ठिबक सिंचन आहे. धडा चांगला आहे. पण माझ्या वर्गातली मुलं मस्कतमध्ये वाढलेली. त्यांच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः समुद्राचं, क्षार काढून गोडं केलेलं. या शहरात वर्षाला सरासरी शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे एखाद्या जुलैच्या दिवशी तेवढा पडून जातो. मग समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने नव्हते तेव्हा या कोरड्या डोंगरांच्या पायथ्याशी माणसं शेकडो वर्षं खजुराच्या बागा करून कशी राहिली, हा प्रश्न त्या मुलांना पडायला हवा. त्याचं उत्तर त्यांच्या घरापासून गाडीने दीड तासावर वाहतंय.

या उत्तराचं नाव फलज, म्हणजे गावाला पाणी आणणारा पाट. अनेकवचन अफलाज. ओमानच्या सरकारी मोजणीत असे ४,११२ पाट नोंदवले गेले आणि त्यांतले ३,०१७ चालू होते. २००६ साली त्यांतल्या पाच पाटांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे ही पद्धत इसवी सन ५०० पर्यंत मागे जाऊ शकते आणि या भागातल्या सिंचनाच्या खुणा तर इसवी सनापूर्वी २५०० पर्यंत सापडतात. हे सगळं मला माहीत होतं. वर्गात सांगितलंही होतं. पण या डिसेंबरात आमच्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांच्यामुळे ही सहल किल्ल्यांची न राहता पाण्याची झाली.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठचं. माझं माहेर छत्रपती संभाजीनगर. हिवाळ्यात धुळ्याची थंडी त्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून यंदा नवऱ्याने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. निझवाचा किल्ला, बहलाचा किल्ला, जबल अखदर असा आमचा ठरलेला बेत होता.

मस्कतहून निझवाकडे जाणारा रस्ता समाईलच्या खिंडीतून जातो. दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी, रापलेले, झाडाचं नावही नसलेले डोंगर. बहुतेक प्रवासी इथे डोळे मिटतात. मी मात्र दर वेळी खिडकीला नाक लावून बसते, कारण हे डोंगर म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ आहे. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेलं महासागराखालचं कवच आणि त्याच्याही खालचा प्रावरणाचा थर इथे जमिनीवर ढकलला गेला. पृथ्वीच्या पोटातला हा भाग इतका मोठा आणि इतका उघडा जगात क्वचितच कुठे दिसतो. जगभरचे भूशास्त्रज्ञ त्यासाठी ओमानला येतात. आपला सह्याद्री याच्यापेक्षा बराच तरुण, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तो लाव्हाच्या आडव्या थरांनी रचला गेला, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. इथले डोंगर मोडलेले, मुरडलेले, उभे. मी हे आईंना सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ह्याच्यात पाणी कुठे मुरतं?”

प्रश्न नेमका होता. या काळ्या डोंगरांत फारसं मुरत नाही. पाणी मुरतं ते पलीकडच्या जबल अखदरच्या चुनखडीत. तीन हजार मीटरपर्यंत चढत गेलेला तो डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतो, मस्कतपेक्षा तिप्पट-चौपट पाऊस घेतो आणि तो भेगांतून खाली सोडतो. पायथ्याच्या वाळू-गोट्यांच्या थरांत ते पाणी साठतं. फलजची सुरुवात तिथे होते. आधी एक खोल विहीर खणतात, तिला ‘उम्म’ म्हणजे पाटाची आईच म्हणतात. पाणी लागलं की तिथून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढत नेतात. बोगद्याला उतार अगदी जेमतेम द्यायचा. जास्त झाला तर पाणी तळ खात जातं, कमी झाला तर गाळ बसतो. मध्ये मध्ये वरून अरुंद विहिरी खणतात, माती काढायला आणि पुढे दुरुस्तीला उतरायला. जमीन उतरत जाते, बोगदा जवळजवळ सपाट राहतो, आणि गावाच्या डोक्याशी दोघांची गाठ पडून पाणी आपोआप उघड्यावर येतं. पंप नाही, मोट नाही, वीज नाही. दिवसरात्र वाहतं. अशा पाटांना दाऊदी म्हणतात. दाऊदचा मुलगा सुलेमान उडत्या गालिच्यावरून इथे आला आणि त्याने जिन्नांकडून दहा दिवसांत दहा हजार पाट खणून घेतले, अशी कथा आहे. खरे खणणारे माणसंच होते. अवामिर नावाच्या टोळीची त्या कामात पिढ्यान् पिढ्या ख्याती होती.

निझवाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत बिरकत अल मौज नावाचं गाव आहे. खाली केळी-खजुराच्या दाट बागा, वर मातीच्या पडक्या घरांची जुनी वस्ती. तिथे युनेस्कोच्या पाचांपैकी एक पाट आहे, फलज अल खतमैन. बैत अल रुदैदा या गढीजवळून तो बाहेर येतो आणि पुढे तीन सारख्या चाऱ्यांत वाटला जातो. फोटो काढून, पाय बुडवून पुढे निझवाला जेवायला जायचं, असा बेत होता. पाणी स्वच्छ होतं, तळाचा प्रत्येक खडा दिसत होता आणि करंगळीएवढे मासे बोटांना टोचत होते. आई काठावर टेकल्या आणि त्यांनी पाण्याकडे न बघता चाऱ्यांकडे बघायला सुरुवात केली. तिन्ही तोंडं त्यांनी नीट न्याहाळली. मग म्हणाल्या, “हे वाटणी करणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून केलंय. चल, खाली कुठे जातं बघू.”

आम्ही चारीच्या कडेने बागेत शिरलो. खजुराच्या झावळ्यांखाली केळी आणि लिंबं, त्यांच्याखाली गुरांसाठी लसूणघासाचे वाफे. ऊन वरच अडत होतं. वाटेत एका ठिकाणी एक माणूस गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता. लुंगी खोचलेली, हातात फावडं. तो बांगलादेशचा निघाला. ओमानच्या बागांतली बरीचशी कामं आता बांगलादेशी मजूर करतात. चारीला एक तोंड होतं आणि त्यात चपटा दगड उभा लावून भोवती जुन्या कापडाचे बोळे ठासलेले होते. त्याने खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली, दगड उचलला, एकेक बोळा काढून खालच्या तोंडाशी नेऊन ठासला आणि फावड्याने वर चिखल थापला. पाणी क्षणभर थबकलं, मग वळून नव्या वाफ्यात घुसलं. कोरड्या मातीतून बुडबुडे निघाले. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम असेल, पण त्याने ते घड्याळाच्या काट्यावर केलं.

आई त्याला त्यांच्या खानदेशी हिंदीत म्हणाल्या, “भाऊ, रात को पानी की पाळी किस की?”

तो हसला. “रात को भी हम ही आता, खालाम्मा. आज दो बजे.”

“अकेला?”

“अकेला. बत्ती लेके.”

मग दोघं बोलत राहिली. मी मध्ये मध्ये शब्द सोपे करून देत होते, पण त्याची फारशी गरज नव्हती. त्याच्या मालकाचा वाटा किती, पाळी किती दिवसांनी फिरून येते, शेजाऱ्याने बोळा लवकर काढला तर भांडण होतं का, पाट फुटला तर कोण बुजवतो, हे सगळं आईंनी विचारून घेतलं. मी इतकी वर्षं फलज शिकवत आले, तो बोगद्याचा उतार आणि विहिरीची खोली सांगत. आईंना त्यातलं काहीच विचारायचं नव्हतं. त्यांचे प्रश्न सगळे माणसांचे होते. आणि फलज टिकला आहे तो त्या प्रश्नांच्या उत्तरांवर.

फलजमधलं पाणी लिटरवर वाटत नाहीत, वेळेवर वाटतात. वाटपाचं एकक म्हणजे ‘अथर’. साधारण अर्धा तास. तेवढा वेळ पाटातलं सगळं पाणी तुझं, पुढचा तेवढा वेळ शेजाऱ्याचं. एक फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. हा वेळ वारशाने मिळतो, विकता येतो, भाड्याने देता-घेता येतो. जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचं असंही होऊ शकतं. काही पाळ्या मशिदीच्या नावे असतात, तर काही खुद्द फलजच्या. फलजच्या पाळ्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं आणि डागडुजी चालते. हा कारभार पाहणाऱ्याला वकील म्हणतात, त्याच्या हाताखाली हिशेबनीस असतो. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून वेळ मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवरून. अमुक तारा अमुक डोंगराच्या कडेवर आला की अमक्याची पाळी संपली. काही गावांत हे अगदी अलीकडेपर्यंत चालत होतं.

वेळ वाटण्यातलं खरं शहाणपण दुष्काळात कळतं. पाऊस कमी झाला की पाटाला पाणी कमी येतं, पण कुणाची पाळी कमी होत नाही. अर्धा तास अर्धा तासच राहतो, फक्त त्यात येणारं पाणी सगळ्यांचं सारख्या प्रमाणात घटतं. तूट कुणाच्या माथी मारायची याची नव्याने पंचाईत करावी लागत नाही, कारण ती वाटपातच वाटली गेलेली असते. बागेची मांडणीही तशीच विचार करून केलेली. पाटाच्या डोक्याशी पिण्याचं पाणी भरायचं, त्याच्या खाली मशीद, मग न्हाणीघरं, मग कपडे धुण्याची जागा, मग खजूर, आणि अगदी शेपटाला हंगामी पिकांचे तुकडे. पाणी आटलं की शेपटाकडचे वाफे पड ठेवायचे. खजुराचं झाड जगवायचं, कारण ते उभं करायला वर्षं लागतात.

“आमच्याकडे फड होते,” परतताना आई म्हणाल्या.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांतली फड पद्धत मला नावाने माहीत होती, शिक्षणशास्त्राच्या पदवीच्या वेळी कधीतरी वाचलेली. घरात ती पाहिलेलं माणूस आहे, हे त्या दिवशी कळलं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि दरसाल अदलाबदल. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड भिजवायचा नाही असं ठरलं, तरी नुकसान एकट्यादुकट्याचं होत नसे. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकऱ्याने द्यायचं. पिकावर नजर ठेवायला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. त्यांना मोबदला धान्यात किंवा उभ्या पिकात मिळे. आईंचे वडील पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन निघायचे, आणि पहाटे परत आले की त्यांच्या पायांची कातडी पांढरी, सुरकुतलेली असायची. आई लहानपणी ते पाय शेकून द्यायच्या. हे त्यांनी मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सांगायला कारणच मिळालं नव्हतं.

निझवाचा किल्ला दुसऱ्या दिवशी पाहिला. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधलेला तो प्रचंड गोल बुरूज खरोखर पाहण्यासारखा आहे. ज्यांनी पोर्तुगिजांना मस्कतमधून हुसकलं ते हेच. बुरुजात चढायचा जिना अरुंद आणि वळणांचा. दर वळणाला दार, दाराच्या वर छतात भोक, आणि त्या भोकातून शत्रूच्या अंगावर उकळता खजुराचा पाक ओतायचा. मार्गदर्शक हे रंगवून सांगतो आणि लोक शहारतात. मला आईंबरोबर पाहिलेली खालची अंधारी खोली जास्त लक्षात राहिली. तिच्या जमिनीला पन्हाळी आहेत. खजुराची पोती इथे थरांवर थर रचून ठेवायचे, त्यांच्याच वजनाने रस गळायचा आणि पन्हाळींतून रांजणात जमा व्हायचा. वेढा पडला तर किल्ल्याची शिदोरीही खजूर आणि शस्त्रही खजूर. तो खजूर पिकायचा फलजवर. किल्ल्याच्या तिकिटासाठी रांग होती. त्याच निझवाला पाणी देणाऱ्या आणि देशातल्या सर्वांत मोठ्या पाटांत गणल्या जाणाऱ्या फलज दारिसच्या काठावर त्या दुपारी आमच्याशिवाय एक कुटुंब होतं आणि पोहणारी चार पोरं. पाहुण्यांनी बुरूज पाहावा, पण त्या काठावरही तासभर बसावं, असं मला कळकळीने वाटतं. त्या बुरुजात माणसं राहू शकली ती या पाण्यावर.

बहलाला आम्ही जेमतेम अर्धा दिवस दिला. मातीचा तो अवाढव्य किल्ला १९८८ ते २००४ या काळात धोक्यातल्या वारशांच्या यादीत होता, आता सावरला आहे. तिथून येताना तनुफला थांबलो. तनुफ हे नाव माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, कारण त्या नावाच्या पाण्याच्या बाटल्या डब्याशेजारी असतात. मूळ तनुफ हे एक गाव होतं. गेल्या शतकाच्या पन्नाशीत, इमाम आणि सुलतान यांच्यातल्या युद्धात, सुलतानाच्या बाजूने लढणाऱ्या ब्रिटिश विमानांनी ते उद्ध्वस्त केलं. मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, छतं नाहीत, कमानींतून आभाळ दिसतं. आणि त्या भग्न गावाच्या मागे कड्याला बिलगून पाट वाहतोय. गावात कुणी उरलं नाही, पण खालच्या बागांना पाणी लागतं, म्हणून पाट राखला जातो. मी मुलांसाठी फोटो काढले. युद्धाच्या धड्यालाही ते लागतील.

जबल अखदरवर साध्या गाडीने जाऊ देत नाहीत. बिरकत अल मौजजवळच्या चौकीवर पोलीस गाडी चारही चाकांच्या ओढीची (फोर-व्हील ड्राइव्ह) आहे का ते बघतात. वर साधारण दोन हजार मीटरवर सैकचं पठार आहे. गुलाबाचा हंगाम मार्च-एप्रिलचा, डाळिंबं शरदात संपलेली. डिसेंबरात पायऱ्यापायऱ्यांची शेतं उघडी होती, झाडं निष्पर्ण, आणि रात्री दात वाजावेत अशी थंडी. आईंनी शालीवर शाल घेतली. ज्यांना फुलं पाहायची त्यांनी तेव्हा जाऊ नये. पण पानं नसल्यामुळे मला पायऱ्यांची बांधणी आणि त्यांच्यामधून उतरणाऱ्या चाऱ्या स्वच्छ दिसल्या. एका घरातून धुराचा वास असलेलं गेल्या मोसमातलं गुलाबपाणी विकत घेतलं. त्या घरच्या आजीबाईंचा आणि आईंचा एकही शब्द एकमेकींना कळत नव्हता. तरी दोघी दारात बराच वेळ बसल्या होत्या, मध्ये खजूर आणि कहव्याची किटली.

त्या पठारावरच्या थंडीत मला माझं माहेर आठवत राहिलं. संभाजीनगरला मी पाणचक्कीच्या हाकेच्या अंतरावर वाढले. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, हौदात कोसळणारं पाणी दाखवायचं, वडाखाली बसायचं. ते पाणी डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने येतं हे मला पाठ होतं. पाणचक्कीची नहर नंतरची, तिच्या आधीची मलिक अंबरची. त्याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि शहराला पाणी देण्यासाठी उत्तरेच्या डोंगराकडून नहर आणली. जमिनीखालून, चढउताराचा हिशेब करून, मध्ये मध्ये आत उतरायला विहिरीसारखी तोंडं ठेवून. फलज आणि नहर-ए-अंबरी एकाच घराण्यातल्या म्हणाव्यात इतकं त्यांच्यात साम्य आहे. तरी शाळेत असताना आम्हाला कुणी विचारलं नाही की ही नहर साफ कोण करत होतं, त्याला पगार कोण देत होतं, आणि तो माणूस गेल्यावर काय झालं. आम्ही ती इतिहासात शिकलो, मलिक अंबरच्या कर्तबगारीखाली. भूगोलात ती नव्हती आणि नागरिकशास्त्रात तर नव्हतीच. माझ्या मते तिची खरी जागा नागरिकशास्त्रात आहे. बांधणाऱ्याचं नाव आपण जपतो. पाट मात्र जिवंत राहतो तो दर आठवड्याला गाळ उपसणाऱ्यामुळे आणि त्याची मजुरी न चुकता देणाऱ्या गावामुळे. शहरातून नहर बऱ्याच ठिकाणी बुजली, तिच्यावर घरं आली, रस्ते आले. घरात नळ आल्यावर नहरीकडे जाण्याचं कारण उरलं नाही. कारण उरलं नाही की पाळीही उरत नाही.

ओमानातही हे होऊ शकतं, नव्हे, काही ठिकाणी होतं आहे. बोअर पडले, पंप आले, जमिनीतली पातळी खाली गेली आणि काही पाट कोरडे पडले. ज्यांच्या नावावर पाळ्या आहेत त्यांची मुलं मस्कतला कचेऱ्यांत आहेत. सुट्टीला बागेत येतात, खजुराखाली गालिचा टाकतात, संध्याकाळी परततात. रात्री दोन वाजता बत्ती घेऊन जाणारा माणूस दूरच्या देशातून आलेला आहे. त्याच्या हातात कसब आहे, वक्तशीरपणा आहे, पण फलजच्या बैठकीत त्याला मत नाही आणि कधीतरी तो परत जाणार. या गोष्टीची मला काळजी वाटते आणि ती वाटतच राहील. सरकार दुरुस्तीला पैसा देतं, युनेस्कोने मान दिला, हे सगळं उत्तम आहे. पण रात्रीची पाळी पैशाने उठत नाही. ज्याचं झाड वाळणार असतं तो उठतो.

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा मी धड्यातली टाकी-कुल-बांबू नेहमीसारखी शिकवली आणि दुसऱ्या तासाला फळ्यावर एक पाट काढला. वर्गाच्या प्रत्येक रांगेला एक बाग दिली, प्रत्येकाला काही अथर वाटले आणि मग पाटातलं पाणी निम्मं केलं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. पहिली सूचना आली ती जास्त झाडं असलेल्याला जास्त वेळ द्या अशी. दुसरी आली, लिलाव करा. पंधरा मिनिटं वर्ग नुसता पेटला होता. मी काहीच बोलले नाही. शेवटी खिडकीशी बसणारी, एरवी गप्प असणारी मुलगी उठून म्हणाली की वेळेला हात लावू नका, वेळ बदलला की उद्यापासून रोज भांडण. बिरकत अल मौजच्या वकिलाने तेच सांगितलं असतं.

आईंनी साक्रीला मामांना फोन लावला तो त्याच आठवड्यात. बहीण-भाऊ अहिराणीत बोलतात, मला निम्मं कळतं. बंधारा शाबूत आहे. पाटाचा वरचा टप्पा अजून चालतो, खालचा बुजला. घरोघर विहिरी आणि मोटारी झाल्यावर फडाची शिस्त कुणी पाळेना. मी फोन मागून घेतला आणि म्हटलं, मामा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तो पाट बघायला यायचंय, डोक्यापासून शेपटापर्यंत.

“ये ना,” मामा म्हणाले. “पन जूनमा पाटमा पानी नही.”

जूनमध्ये पाट कोरडा असतो, म्हणून तेव्हाच तो साफ करायचा असतो, असं ते पुढे म्हणाले. पूर्वी घरटी एक माणूस यायचा. आता चार-पाच म्हातारे जमतात आणि जमेल तेवढा उपसतात. पाऊस तिकडे जूनच्या मध्यापर्यंत येतो, कधी त्याहूनही उशिरा. बघायला यायचं तर सप्टेंबरात या, काम करायला यायचं तर जूनमध्ये.

सप्टेंबरात मला सुट्टी नसते. आम्ही तिकिटं जूनच्या पहिल्या आठवड्याची काढली आहेत. लग्नं, बँक आणि दातांचा डॉक्टर या वर्षी जुलैत.